संधिवात आणि चिकित्सेचे चार पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय आकारानें लहान आहे. पण त्यांत सांगितलेला विचार मोठा आहे. कोणतीहि चिकित्सा चार पादांवर उभी असते, असें तेथें प्रतिपादन आहे: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण, म्हणजे एकंदर सोळा गुण जमले कीं यश येतें. या चौघांत वैद्य प्रमुख खरा. परंतु तो एकटा पुरेसा आहे असें आचार्य म्हणत नाहींत. परिचारकाच्या अंगीं सेवेचें ज्ञान, कौशल्य, रोग्याविषयीं ममता आणि शुचिता हवी. रोग्याच्या अंगीं स्मरण, सांगितलेलें पाळण्याची वृत्ति, धैर्य आणि आपलें दुखणें नीट सांगतां येण्याची शक्ति हवी. ज्याला आपण केवळ उपचार करून घेणारा समजतों, त्या रोग्यासहि आचार्यांनीं उपचार करणारांच्या पंक्तीस बसविलें, ही गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे.

तीन-चार दिवसांच्या तापांत या विचाराची कसोटी लागत नाहीं. डॉक्टर औषध देतात, ताप उतरतो आणि घरांतील मंडळी आपापल्या उद्योगास लागतात. परंतु जो विकार एकदां आला म्हणजे वीस-वीस, तीस-तीस वर्षें सोबत करतो, आणि जो एकाच वेळीं सांधे, स्नायू, रक्त, झोंप, स्वयंपाकघर व घराचा जमाखर्च या सर्वांत शिरतो, त्याच्या बाबतींत एकही पाद लंगडा राहून चालत नाहीं. आमवाती संधिवात हा असा विकार आहे. त्याच्यावर आधुनिक वैद्यकानें गेल्या पाऊणशें वर्षांत जें यश मिळविलें, तें जितकें नव्या औषधांचें, तितकेंच निरनिराळ्या जाणत्या माणसांनीं एकत्र काम करण्याचें आहे. तें कसें, हें वाचकांपुढें मांडावें असा या लेखाचा हेतु आहे.

रोगाची ओळख

आपल्या घरांतून 'सांधे धरले' हा एकच वाक्प्रचार अनेक विकारांना लावला जातो. उतारवयांत सांध्यांतील कूर्चा झिजून होणारी गुडघेदुखी निराळी. रक्तांत यूरिक आम्ल वाढून पायाच्या अंगठ्यास एकाएकीं ठणका लागतो तें वातरक्त, म्हणजे गाऊट, निराळें. आणि शरीराची रक्षक शक्तीच उलटून सांध्यांच्या आंतील अस्तरावर चालून जाते तो आमवात निराळा. या शेवटच्या विकारास डॉक्टर मंडळी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. १८०० सालीं पॅरिस येथें लांद्रे-बोवे या तरुण वैद्यानें आपल्या प्रबंधांत त्याचें वर्णन केलें, आणि १८५९ सालीं लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनीं त्यास सध्यांचें नांव दिलें. आपल्याकडे माधवकरांनीं माधवनिदानांत आमवातास स्वतंत्र अध्याय दिला आहे, व तेथील वर्णनांतील पुष्कळ लक्षणें या रोगाशीं जुळतात. दोन शास्त्रांच्या परिभाषा एकमेकींवर तंतोतंत बसवूं नयेत, एवढा विवेक ठेवून पुढें मी आमवात हाच शब्द वापरतों.

या रोगाची चाहूल बहुधा हातांत लागते. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले व मुळांतले सांधे आणि मनगटें सुजतात. सकाळीं उठल्यावर मूठ वळत नाहीं. हा आखडलेपणा अर्धा तास, तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ टिकतो आणि हालचालीनें हळूहळू सुटतो. झिजेच्या गुडघेदुखीचा प्रकार उलट असतो. ती चालण्यानें वाढते आणि विसाव्यानें कमी होते. याखेरीज बारीक ताप, मंदावलेली भूक आणि विश्रांतीनेंहि न जाणारा थकवा हीं लक्षणें असतात. रोग सांध्यांपुरता राहतोच असें नाहीं. फुप्फुसें आणि डोळे यांनाहि तो त्रास देतो, आणि हृदयविकाराचा धोका वाढवितो. धूम्रपान करणारांस हा रोग होण्याचा संभव अधिक असतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो दुपटी-तिपटीनें अधिक आढळतो, आणि पुष्कळदां ऐन संसाराच्या वयांत येतो.

येथेंच खरी मेख आहे. सांध्यांचीं हाडें कुरतडलीं जाण्याची क्रिया पुष्कळ रोग्यांत पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते, आणि एकदां वांकडें झालेलें बोट कोणतेंहि औषध सरळ करीत नाहीं. म्हणून सूज आल्यापासूनचे पहिले कांहीं महिने लाखमोलाचे. आणि नेमके हेच महिने आपल्या घरांतून वायां जातात. मुलांच्या परीक्षा, नणंदेचें बाळंतपण, दिवाळीचा फराळ, मग कोणाचें तरी लग्न. बाई आपलें दुखणें मागें मागें टाकीत राहते. हातांतून पातेलें निसटलें तर 'लक्ष कोठें असतें?' हें तिला ऐकावें लागतें. मनगट सुजलें आहे हें कोणी पाहत नाहीं. वर्षभरानें ती डॉक्टरांकडे जाते तेव्हां बोटें बाहेरच्या बाजूस झुकूं लागलेलीं असतात. चार पादांपैकीं एकहि पाद जाग्यावर नसतां रोग मात्र आपलें काम चोख करीत असतो.

औषधें आलीं, पण तेवढ्यानें भागलें नाहीं

१९४८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉक्टर फिलिप हेंच यांनीं आमवातानें जखडलेल्या एका तरुण स्त्रीस पुढें कॉर्टिझोन या नांवानें प्रसिद्ध झालेलें द्रव्य टोचलें. थोड्याच दिवसांत ती हिंडूं-फिरूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडल व राइखस्टाइन या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हा आनंद निर्भेळ राहिला नाहीं. औषध थांबवितांच रोग परतूं लागला. चालू ठेवावें तर चेहरा सुजणें, हाडें ठिसूळ होणें, रक्तांतील साखर वाढणें हे उपद्रव. आजहि स्टेरॉईड उपयोगी आहे; पण थोड्या मात्रेंत, थोड्या काळासाठीं, आणि जाणत्याच्या देखरेखीखालीं.

दुसरें औषध आलें तें अधिक टिकाऊ ठरलें, व त्याच्या इतिहासांत एका भारतीयाचा हात आहे. आंध्रांतील भीमवरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक आम्लाचें कार्य रोखणारीं द्रव्यें त्यांच्या मार्गदर्शनाखालीं तेथें तयार झालीं, व त्यांचा पहिला उपयोग लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर झाला. त्याच कुळांतलें मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव १९४८ सालींच वारले. पुढें फार अल्प मात्रेंत हेंच औषध आमवातास आवर घालतें असें दिसून आलें, आणि १९८८ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें त्या उपयोगास मान्यता दिली. आजहि आमवाताच्या उपचाराचा प्रारंभ बहुधा त्यानेंच होतो.

तिसरा टप्पा १९९२ चा. लुधियाना येथें जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनीं लंडन येथें आमवाताच्या रोग्यांवर एका नव्या प्रकारच्या औषधाचा प्रयोग केला. सांध्यांतील दाह पेटविणारें टी. एन. एफ. हें एकच द्रव्य निवडून तेवढेंच अडविणारें तें औषध होतें. 'बायॉलॉजिक' म्हणून आज जीं महागडीं इंजेक्शनें प्रसिद्ध आहेत त्यांतील पुष्कळांचा मार्ग येथून निघाला. तीं देण्यापूर्वीं शरीरांत क्षयरोग दडलेला नाहीं ना, हें तपासणें आपल्या देशांत विशेष आवश्यक असतें.

इतकीं औषधें हातीं आल्यावर आणखी कशाची गरज, असा प्रश्न सहज पडेल. त्याचें उत्तर ग्लासगो येथील एका प्रयोगानें दिलें. तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. १११ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास नेहमींच्या रिवाजाप्रमाणें तपासलें. दुसऱ्या गटास दर महिन्यास बोलावून सुजलेले व दुखरे सांधे मोजले, आंकडा लिहिला, व तो ठरलेल्या मर्यादेखालीं येईपर्यंत औषध नियमानें वाढविलें. औषधें दोन्हीकडे जुन्याच परिचयाचीं होतीं. दीड वर्षानंतर पहिल्या गटांतील शेंकडा १६ रोग्यांचा रोग शांत झाला होता, तर दुसऱ्यांतील शेंकडा ६५ रोग्यांचा. औषधाची जात न बदलतां केवळ लक्ष ठेवण्याची रीत बदलली, आणि फळ चौपट आलें.

परंतु दर महिन्यास प्रत्येक रोग्याचे सांधे मोजायचे, रक्ताचे निकाल पाहायचे, शंका ऐकायच्या, हें एकट्या डॉक्टरास कसें साधावें? तेथें इतर माणसें लागतात.

परिचारिका आणि औषधविक्रेता

विलायतेंत आमवाताच्या विभागांतून खास शिकविलेल्या परिचारिका असतात. त्या नुसतें इंजेक्शन टोचून थांबत नाहींत. सांधे तपासतात, रक्ततपासणीवर नजर ठेवतात, औषध कसें घ्यावें तें शिकवितात, आणि केव्हां डॉक्टरांस बोलवावें हें जाणतात. लीड्स येथें ७० रोग्यांवर झालेला एक प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निम्मे रोगी परिचारिकेच्या व निम्मे तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वर्षभर ठेवले होते. परिचारिकेच्या रोग्यांची वेदना अधिक कमी झाली, आपल्या रोगाचें त्यांचें ज्ञान वाढलें, आणि समाधानहि अधिक होतें. पुढें दहा केंद्रांतील १८१ रोग्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांतहि परिचारिकांची देखरेख डॉक्टरांच्या देखरेखीपेक्षां उणी ठरली नाहीं. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघानें २०१२ सालीं परिचारिकांच्या या कार्याविषयीं रीतसर शिफारशीच काढल्या. यावरून डॉक्टर नकोत असा अर्थ कोणी काढूं नये. निदान आणि उपचाराची दिशा त्यांचीच. त्या दिशेनें रोज चालविणारें माणूस मात्र दुसरें असूं शकतें, एवढाच याचा अर्थ.

औषधविक्रेत्याचें महत्त्व तर मेथोट्रेक्सेटनें जीवन-मरणाच्या पंक्तीस नेऊन ठेवलें आहे. आमवातासाठीं हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. रोज घेतलें तर तोंड सोलवटतें, रक्तांतील पेशी घटतात, आणि प्राणावर बेततें. ही चूक जगभर इतकी वारंवार घडली आहे कीं, २०१९ सालीं युरोपच्या औषध-नियंत्रण संस्थेस ती टाळण्यासाठीं खास सूचना काढाव्या लागल्या.

आमच्या परिचयाच्या एका घरांत हा प्रसंग ओढवला होता. घरच्या सूनबाईंस आठवड्याची गोळी लिहून दिली होती. दुकानांतील पोऱ्यानें पाकिटावर 'रोज एक' असें लिहिलें. पांचव्या दिवशीं तोंडांत फोड आले, पाणीहि गिळवेना. घरांतील वडील मंडळींनीं उष्णता झाली म्हणून गुलकंद सुचविला. सासरे मात्र जन्मभर कचेरींत जमाखर्च लिहिलेले. त्यांनीं डॉक्टरांचा कागद व पाकीट शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहिलें, आणि रुग्णालयांतील परिचारिकेस दूरध्वनि केला. "गोळी कोणत्या वारीं घेतां?" एवढाच प्रश्न तिनें विचारला. 'रोज' हें उत्तर ऐकतांच तिनें पुढची गोळी थांबवून त्याच घटकेस रुग्णालयांत येण्यास सांगितलें. रक्त तपासलें, उतारा दिला, आणि बाई वांचल्या. तेथें प्राण वांचविणारें औषध नवें नव्हतें. कागद वाचणारे सासरे आणि नेमका प्रश्न विचारणारी परिचारिका, या दोघांनीं मिळून तें काम केलें.

म्हणून नियम असा कीं, ही गोळी घेण्याचा वार डॉक्टरांच्या कागदावर अक्षरांत लिहवून घ्यावा; रविवार असेल तर 'रविवार'. तोच वार औषधविक्रेत्यानें पाकिटावर लिहावा. तिच्या जोडीला देण्यांत येणारी फॉलिक आम्लाची गोळी निराळी असते. दोहोंची गल्लत होऊं देऊं नये. रक्ताची व यकृताची तपासणी ठरल्या वेळीं करावी. आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे: हें औषध गर्भास घातक आहे. मूल होऊं देण्याचा विचार असेल तर तें आधींच, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, बंद करावें लागतें. घरांतील वडिलधाऱ्यांनीं सूनबाईंपुढें नातवंडाचा विषय काढतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

हातांचे उपचार

दाह आवरला म्हणजे सांध्याचें काम आपोआप परत येतें असें नाहीं. दुखतें म्हणून हलवावयाचें नाहीं, हलवीत नाहीं म्हणून स्नायू सुकतात, स्नायू सुकले म्हणून सांधा अधिकच दुखतो, असें हें दुष्टचक्र आहे. तें तोडण्याचें काम फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट या दोन जाणकारांचें. विलायतेंत १७ केंद्रांतून ४९० रोग्यांवर झालेला हातांच्या व्यायामाचा एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या औषधांबरोबर बोटें व मनगटें ताणण्याचे आणि बळकट करण्याचे सोपे व्यायाम शिकविले, व ते घरीं रोज करवून घेतले. वर्षानंतर त्या रोग्यांच्या हातांची कार्यशक्ति इतरांपेक्षां स्पष्टपणें अधिक सुधारलेली आढळली, आणि व्यायामामुळें कोणतीहि गंभीर इजा झाली नाहीं.

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे नित्याच्या कामांतूनच उपचार, ही विद्या आपल्या देशांत आणण्याचें श्रेय मुंबईकडे जातें. एलिझाबेथ लंडी या अमेरिकन बाई विष्णुपंत निंबकरांशीं विवाह करून येथें आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं या विद्येची देशांतील पहिली शाळा त्यांनीं सुरू केली. श्रीमती इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या व लेखिका जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई, हें सांगितलें म्हणजे कित्येक वाचकांस ओळख पटेल.

या शास्त्राचा उपयोग थेट आपल्या स्वयंपाकघरांत होतो. लहान सांध्यांवरचा भार मोठ्या सांध्यांवर घालावा, हें त्याचें मुख्य सूत्र. सांडशीनें भरलें पातेलें उचलतांना सारा भार आंगठा व दोन बोटांवर पडतो. त्याऐवजीं दोन्हीकडे कान असलेलें भांडें घेऊन दोन्ही तळव्यांवर तोलावें. पिशवी बोटांत न लोंबवितां खांद्यास अडकवावी. सुरीची, उलथन्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी, म्हणजे घट्ट आवळावें लागत नाहीं. ओलें कापड पिळण्याऐवजीं नळास वेढा देऊन दाबावें. चकलीचा सोऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातीं द्यावा, आणि तो घेणारा हात घरांतील पुरुषाचा असला तरी आकाश कोसळत नाहीं. कामांच्या मध्यें विसावा घ्यावा. थकल्यावर नव्हे, थकण्यापूर्वीं.

एकाच छपराखालीं

हीं सारीं माणसें एकत्र आणण्याचा एक जुना व नामांकित प्रयत्न फिनलंड देशांत झाला. तेथील हेनोला या लहान गांवीं १९५१ सालीं खास संधिवातासाठीं रुग्णालय उघडलें. तेथें कायचिकित्सक वेइक्को लाइने व शस्त्रवैद्य काउको वाइनिओ हे दोघे एकमेकांच्या सल्ल्यानें रोग्यांचा विचार करीत. आमवातांतील शस्त्रक्रिया हें निराळें शास्त्र म्हणून नांवारूपास आलें, त्यांत वाइनिओ यांचा वांटा अग्रगण्य मानतात. १९६२ मध्यें इंग्लंडांत जॉन चार्न्ली यांचा कृत्रिम खुबा यशस्वी झाल्यावर तर अशा सहकार्याची गरज अधिकच वाढली.

ही गरज एका उदाहरणानें पटेल. गुडघा बदलल्यावर रोग्यास कांहीं दिवस काठ्यांवर भार द्यावा लागतो. हातच निकामी असतील तर तो चालणार कसा? तेव्हां आधीं हात कीं आधीं गुडघा, हें शस्त्रवैद्य, फिजिओथेरपिस्ट व रोगी यांनीं मिळून ठरवावें लागतें. जुन्या आमवातांत मानेचे वरचे मणके ढिले झालेले असूं शकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरास ही गोष्ट आधीं ठाऊक नसेल तर मान मागें वळवितांना मज्जारज्जूस इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचें यश मानेच्या क्ष-किरण चित्रावर अवलंबून, आणि तें चित्र काढविण्याचें स्मरण कोणाला तरी असावें लागतें! हेनोलाचें तें रुग्णालय २०१० सालीं बंद पडलें. पण तेथील रीत तोंपर्यंत जगभर पसरली होती.

रोगी हाहि एक पाद

रोग्याचें म्हणणें ऐकल्यानें शास्त्राचीहि कशी प्रगति होते, याचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. आमवातांतील औषधांचा गुण कशावरून मोजावा, हें ठरविणारी तज्ज्ञांची एक परिषद आहे. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्तांतील दाह, असे मोजमापाचे विषय त्यांनीं योजिले होते. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांत भरलेल्या बैठकीस त्यांनीं प्रत्यक्ष रोग्यांनाच सहभागी करून घेतलें. रोग्यांनीं सांगितलें कीं, तुमच्या यादींत आमचें एक मोठें दुःख नाहीं, तें म्हणजे थकवा. तेव्हांपासून थकवाहि मोजूं लागले. आपलें दुखणें नीट सांगतां येणें हा रोग्याचा गुण चरकांनीं कशासाठीं मोजला, तें यावरून उमगतें.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत केट लॉरिग या मूळच्या परिचारिकेनें १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रोग्यांसाठीं एक अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यास दोन तास, असे सहा आठवडे. शिकविणारेहि पुष्कळदां संधिवाताचे रोगीच. व्यायाम, वेदना सोसण्याच्या युक्त्या, डॉक्टरांशीं बोलण्याची रीत, आणि आठवड्याचा छोटासा संकल्प करून तो पार पाडणें, हे त्यांतील विषय. जन्मभर शाळा चालविणाऱ्या माणसास यांत नवल वाटत नाहीं. एका विद्यार्थ्यानें दुसऱ्यास समजावून दिलेलें गणित कित्येकदां गुरुजींच्या गणितापेक्षां पक्कें बसतें.

आपल्याकडे काय करतां येईल?

महाराष्ट्रांत या विषयाचा मोठा अभ्यास पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं झाला. १९९६ सालीं डॉक्टर अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेस अनुसरून, तेथील ४०९२ प्रौढांची पाहणी केली. गांवांतीलच स्वयंसेवक घरोघर गेले. शेंकडा सुमारें १८ लोकांस सांध्यांचें वा स्नायूंचें कांहीं ना कांहीं दुखणें आढळलें. आमवाताचें प्रमाण हजारीं सुमारें पांच निघालें. संधिवात हें केवळ शहरी, सुखवस्तु, वृद्ध लोकांचें दुखणें नव्हे, हें त्यामुळें स्पष्ट झालें. आणि ही माहितीहि एकट्या तज्ज्ञाच्या नव्हे, तर गांवच्या तरुण-तरुणींच्या पायपिटीनें मिळाली, हें विसरूं नये.

तथापि आपल्या बहुतेक गांवांत, नव्हे शहरांतहि, तज्ज्ञ डॉक्टर, शिकलेली परिचारिका, फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट एका छपराखालीं मिळत नाहींत. डॉक्टर एका पेठेंत, रक्ततपासणी दुसरीकडे, व्यायाम तिसरीकडे. आणि कोणाचा कोणास पत्ता नाहीं. अशा स्थितींत हीं माणसें जोडण्याचें काम घरालाच करावें लागतें, व त्याचें साधन अगदीं स्वस्त आहे: एक वही.

वहीच्या पहिल्या पानावर सर्व औषधांचीं नांवें, मात्रा व वेळा लिहाव्या. त्यांत वैद्यांचे काढे, होमिओपाथीच्या गोळ्या व शेजाऱ्यांनीं दिलेलें तेल यांचाहि उल्लेख असावा. लपविलेलें औषध हें सर्वांत धोक्याचें. नांव-गांव नसलेल्या पुड्या 'हमखास गुणाच्या' म्हणून मिळतात. कित्येकदां त्यांत स्टेरॉईडच मिसळलेलें आढळतें. त्या घेऊं नयेत, आणि दीर्घकाळ घेतल्या असतील तर एकाएकीं बंदहि न करतां डॉक्टरांस सांगावें, कारण स्टेरॉईड अचानक तोडणें घातक ठरतें. दुसऱ्या पानावर सकाळचा आखडलेपणा किती मिनिटें टिकला, कोणते सांधे सुजले, थकवा किती, हें आठवड्यास एकदां टिपावें. तिसऱ्या पानावर रक्ततपासण्यांच्या तारखा व आंकडे. चौथ्या पानावर डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न. कारण त्यांच्यासमोर बसल्यावर निम्मे प्रश्न विसरतात. डॉक्टरांकडे, औषधविक्रेत्याकडे, व्यायाम शिकविणाऱ्याकडे, प्रत्येक ठिकाणीं हीच वही पुढें करावी. एकाचा निरोप दुसऱ्यास ती नेमका पोंचवील.

वही लिहिण्याचें काम रोगी बाईवरच सोडूं नये. ज्या हातांना लेखणी धरवत नाहीं त्यांच्याकडून आपलाच इतिहास लिहवून घेणें हें क्रौर्य होय. नवऱ्यानें, मुलानें, लिहितां येणाऱ्या नातवानें तें पत्करावें. आठवड्यांतून दहा मिनिटें बाईजवळ बसून तिला विचारावें लागतें, "या आठवड्यांत कोणतें बोट दुखलें? झोंप लागली का?" आणि तिचें उत्तर ऐकून लिहावें लागतें. ज्या घरांत ही चौकशी सुरू झाली, त्या घरांत परिचारकाचा पाद उभा राहिला असें समजावें.

वाचकांस शेवटीं एकच विनंति आहे. आपल्या घरांत कोणा स्त्रीच्या बोटांचे सांधे सुजले असतील, सकाळीं तिला मूठ वळवितां येत नसेल, व हें सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललें असेल, तर ऋतुमान, वय अथवा कामाचा शीण यांवर तें न ढकलतां याच महिन्यांत तिला संधिवाताच्या जाणत्या डॉक्टरांकडे न्यावें. ती 'दिवाळीनंतर पाहूं' असें म्हणेल. तिचें तेवढें मात्र ऐकूं नये.